हरकत लिहून घ्या

ग्रामपंचायतीचं प्रोसिडिंग बुक एकदा हातात घेऊन चाळा. पानामागून पान एकाच वाक्यावर संपतं: ठराव सर्वानुमते मंजूर. पाखाडी सर्वानुमते, नळपाणी सर्वानुमते, स्मशानशेड सर्वानुमते. खाली सूचक, अनुमोदक, सह्या. मग वैभववाडीच्या बाजारात या आणि चहा मागवा. त्याच पाखाडीवरून दोन वाड्या एकमेकींशी बोलत नाहीत, हे चहा संपायच्या आत कळतं. एवढी तेढ असलेला विषय सर्वानुमते मंजूर झाला कसा?

ज्यांना पटलं नव्हतं त्यांतले बहुतेक सभेत बोललेच नाहीत. जे बोलले त्यांचं कुणी लिहून घेतलं नाही.

सभा दोन तऱ्हांनी वाया जाते, ओरडण्यानं आणि गप्प बसण्यानं. ओरडा झाला की पोलीस पाटील मध्ये पडतात, पेपरात चौकट येते, चार दिवस गावात तोच विषय. गप्प बसण्याची बातमी होत नाही. म्हणून सभेचे नियम म्हटले की सगळ्यांना आवाज खाली ठेवणं तेवढं आठवतं. मला वाटतं, नियम हवेत ते गप्प बसलेल्यासाठी. ओरडणाऱ्याचं काम नियमाशिवायही होतं.

कायद्यानं आपलं काम केलं आहे. ग्रामपंचायतींचा १९५८चा कायदा आहे. ७३वी घटनादुरुस्ती एप्रिल १९९३मध्ये अमलात आली आणि ग्रामसभेला थेट राज्यघटनेत जागा मिळाली. वर्षाला किमान चार सभा. सात दिवस आधी नोटीस. कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जो आकडा कमी असेल तो. पुरुषांसह होणाऱ्या सभेच्या आधी महिलांची वेगळी सभा. कोरम नसेल तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही. या शेवटच्या सवलतीमुळे मूठभर माणसांनी गावाचा वर्षाचा आराखडा ठरवणं कायदेशीर होतं. माणसं बोलवायची कशी ते कायद्यानं सांगितलं. ती आल्यावर एकमेकांशी कशी बोलतील, ते गावानं स्वतः ठरवायचं होतं आणि बहुतेक गावांनी ते अजून ठरवलेलं नाही.

खुद्द तालुक्याच्या गावाला आता ग्रामसभा नाही. २०१५ साली वाभवे-वैभववाडी नगरपंचायत आली आणि लोकांच्या वतीनं १७ नगरसेवक बोलू लागले. बाकी तालुक्यात, करूळ आणि भुईबावडा घाटांच्या पायथ्यापासून उंबर्डे, कोकिसरे, नाधवड्यापर्यंत, मतदारानं स्वतः उभं राहून बोलायची जागा ग्रामसभा हीच आहे. दुसरी नाही. ती गेली तर मतपेटी उरते, तीही पाच वर्षांनी एकदा.

आता बोललं काय जातं ते ऐका.

‘तू कालचो पोरगो, तुका काय कळता?’

‘पयली घरपट्टी भर, मगे बोल.’

‘तुझ्या आज्यान काय केल्यान ता आमका म्हायत आसा.’

‘बायलमानसांचा हय काय काम?’

यातल्या एकाही वाक्यात पाखाडी नाही, पाणी नाही, पैसा नाही. प्रत्येक वाक्य समोरच्याला खाली बसवण्यासाठी आहे. आणि तो बसतो. ज्यानं विहिरीच्या गाळाबद्दल विचारलं होतं, त्याला आज्याच्या वेळच्या बांधाचं उत्तर द्यावं लागतं. विहिरीतला गाळ तसाच राहतो.

म्हणून पहिला नियम हा: बाप, आजा, वाडी, जात, थकबाकी यांतलं काहीही निघालं की अध्यक्षांनी ते वाक्य तिथंच तोडायचं. वाक्य पुरं होऊ द्यायचं आणि मग ‘जाऊ दे, जाऊ दे’ म्हणायचं, हे चालणार नाही. ‘जाऊ दे’ नेहमी ज्याला लागलं त्यालाच सांगितलं जातं. थकबाकीदाराची वसुली करायला पंचायतीकडे नोटीस आहे, कायदा आहे. त्याची जीभ जप्त करायचा अधिकार कुणालाही नाही. ग्रामसभेचं सदस्यत्व मतदारयादीवरून मिळतं, पावतीपुस्तकावरून नाही.

आपल्याला एकत्र बोलायची शिस्त माहीतच नाही, असं कुणी म्हणालं तर मी ते मान्य करणार नाही. सिंधुदुर्गातल्या कुठल्याही गावात देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा बघा. बोलणारा एक. बाकी सगळे हात जोडून. वाक्य संपलं की एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’. मध्ये कुणी तोंड घालत नाही, कुणी कुणाची उणीदुणी काढत नाही. गावावर आलेलं संकट असो की मुंबईला गेलेल्या पोराची नोकरी, सगळं एका सुरात देवापुढे मांडलं जातं. ही रीत मला प्रिय आहे. पण ती देवळाच्या पायऱ्या उतरून पंचायतीच्या सभागृहात आली की घात होतो. तिथं मागणं मागायचं नसतं. तिथं पैशाचा हिशेब असतो, आणि एका वाडीला मिळालं तर दुसरीला मिळत नाही. तिथंही मानकरी बोलले की व्हय, सरपंच बोलले की व्हय, मुंबईहून आलेले भाऊ बोलले की व्हय.

त्याच देवळात दुसरी रीत आहे, कौलाची. पाषाणाला पाकळ्या किंवा तांदूळ लावून प्रश्न विचारतात. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. डावा कौल आला की सगळं गाव थांबतं. काय चुकलं असेल याचा विचार करतात, प्रश्न बदलून विचारतात, कधी काम पुढच्या वर्षावर टाकतात. पण देवानं नाही म्हटलं म्हणून त्याची पूजा कुणी बंद केली, असं कधी ऐकलं आहे? गावरहाटीला नकार ऐकून घ्यायची सवय शतकांची आहे. ती सवय माणसाच्या नकाराला लावायची, एवढंच मागणं आहे. शेजाऱ्यानं सभेत डावा कौल दिला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या गडग्यावरून वाट बंद होऊ नये.

इथं एक गोष्ट मला बरीच वर्षं बोचते. हा सगळा मुलूख जुन्या राजापूर लोकसभा मतदारसंघाचा. इथल्या मतदारानं १९५७पासून नाथ पैंना तीनदा निवडून दिलं. १९७१मध्ये ते गेल्यावर मधु दंडवत्यांना पाचदा. दंडवते थोडा काळ मंत्री झाले, ते सोडलं तर दोघांचीही हयात विरोधी बाकांवर गेली. सरकारला तोंडावर चूक दाखवायची, पण समोरच्याचा मान राखून, हे त्या दोघांचं नाव होतं आणि त्या नावावर इथली माणसं मतं देत राहिली. भाषण ऐकायला मैलोन्‌मैल चालत गेली. दिल्लीत विरोध करणारा माणूस ज्या गावांनी डोक्यावर घेतला, त्याच गावांना आपल्या सभेत उभा राहिलेला एक विरोधक का सहन होत नाही?

कारण दिल्लीतला विरोधक आपल्या विहिरीवर पाणी भरायला येत नाही. गावात ज्याचा ठराव आपण पाडणार, त्याच्याच परड्यातून आपली वाट जाते. त्याच्याच जोतानं आपली लावणी होते. रात्री घरात कुणाला जनावर चावलं तर गाडी त्याचीच. आणि शेवटी तिरडीला खांदा द्यायला चौघांत तोही असतो. इतक्या ठिकाणी बांधलेला माणूस सभेत ‘मला पटत नाही’ म्हणताना दहा वेळा विचार करतो. त्यात भित्रेपणा नाही. तो किंमत मोजतो आहे. म्हणून गावच्या सभेला लोकसभेपेक्षा कडक नियम लागतात. खासदार सभागृहाबाहेर पडला की आपल्या घरी जातो. इथं सभागृहाबाहेर पडलेला माणूस त्याच लोकांच्या घरांसमोरून जातो.

ती किंमत किती वाढू शकते हे कोकणाला सांगायला नको. माणसाला वाळीत टाकण्याची प्रकरणं आधी रायगड-रत्नागिरीतून इतकी पुढे आली की राज्याला त्यावर स्वतंत्र कायदा करावा लागला. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा हा कायदा २०१६ साली विधिमंडळात मंजूर झाला आणि जुलै २०१७मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. देशात असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. पण वाळीत टाकण्याची सौम्य रूपं कुठल्याच कलमात बसत नाहीत. कार्याचं आमंत्रण न येणं, भजनाला टाळ न मिळणं, भारा उचलायला हात न लागणं. सभेत गप्प बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे हीच रूपं असतात, आणि त्यावर पोलीस ठाण्यात तक्रार होत नाही. उपाय सभेतच करावा लागतो.

तो उपाय म्हणजे विरोधाला रोजची, साधी गोष्ट करून टाकणं. प्रोसिडिंगमध्ये लिहा: ठराव २३ विरुद्ध ६ मतांनी मंजूर, विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं की रस्ता वरच्या वाडीच्या अलीकडेच थांबतो. बस. दोन ओळी. ज्याचं म्हणणं पुस्तकात गेलं त्याला ते टपरीवर ओरडून सांगावं लागत नाही. ज्याचा ठराव मंजूर झाला त्यालाही कळतं की सहा जण का नाराज आहेत, आणि पुढच्या वर्षी रस्ता वर नेता येतो. शिवाय प्रत्येक ठरावाखाली पाच-सहा विरोधाची मतं दिसू लागली की विरोध करणारा एकटा पडत नाही. आज पाखाडीला विरोध करणारा उद्या पाण्याच्या टाकीला अनुमोदन देतो, हे सगळ्यांना दिसतं. आज तसं होत नाही, कारण नाराजी कुठेच नोंदलेली नसते. ती फक्त माणसाला चिकटते: ‘तो ना, तो नेहमीच आडवा जातो.’

लिहायचं काम ग्रामसेवकांचं, म्हणजे आताच्या पदनामानुसार ग्रामपंचायत अधिकाऱ्यांचं. त्यांच्यावर दोन-दोन गावांचा भार असतो, वरून आराखड्याची मुदत असते, खाली बसलेल्यांना घरी जायची घाई. ‘सर्वानुमते’ हा एक शब्द लिहिला की पान संपतं. मला त्यांची अडचण कळते. तरीही तो शब्द लिहिण्याआधी सभेला मोठ्यानं विचारलं पाहिजे, ‘कुणाची हरकत?’ आणि विचारून थांबलं पाहिजे. प्रश्न आणि पुढचा विषय एका दमात वाचला तर तो प्रश्न विचारलाच नाही. मनातल्या मनात वीसपर्यंत मोजा. गप्प बसणाऱ्या माणसाला उभं राहायला तेवढा वेळ लागतो.

बोलण्याचा क्रम हीसुद्धा एक सत्ता आहे. आपल्याकडे आधी मानकरी, मग माजी सरपंच, मग पक्षांचे तालुका पदाधिकारी, मग मुंबई मंडळाचे अध्यक्ष. एवढे बोलून झाले की सभेचं मत तयार झालेलं असतं. त्यानंतर बोलणारा प्रत्येक जण कुणाला तरी खोडून काढणारा ठरतो. क्रम उलटा करा. सड्यावरच्या धनगरवाड्यातून तास-दीड तास चालत जो उतरला तो पहिला. मग बौद्धवाडी. मग ज्या बाईनं महिला सभेत विषय मांडला ती स्वतः, तिच्या वतीनं तिचा नवरा नव्हे. मोठ्या माणसांनी शेवटी बोलावं. त्यांचं वजन त्यानं कमी होत नाही. उलट, सगळ्यांचं ऐकून बोललेल्या शब्दाला गाव अजूनही मानतं.

महिला सभेचं मुद्दाम सांगतो. स्थानिक संस्थांत २०११पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. सरपंचाच्या खुर्चीवर वयनी बसलेल्या असतात आणि प्रश्नाचं उत्तर मागच्या बाकावरून भाऊ देतात, हे दृश्य जिल्ह्याला नवं नाही. ते ज्या सभेत घडेल तिथं एकानं उठून एवढंच म्हणावं: ‘भाऊ, इचारलंय सरपंचांका.’ आदरानं, शांतपणे, प्रत्येक वेळी. तीन सभांत सवय मोडते.

मग येतात आयत्या वेळचे विषय. अध्यक्षांच्या परवानगीनं येणारे. सभेचा खरा पैसा पुष्कळदा इथं हलतो. सात दिवस आधी लागलेल्या नोटिशीत जे नव्हतं ते संध्याकाळी सहाला, अर्धी माणसं उठून गेल्यावर येतं. कुणाला काही वाचायला मिळालेलं नसतं, म्हणून कुणाला काही विचारता येत नाही. अभिनंदनाचा ठराव, शोकप्रस्ताव, आपत्तीची मदत आयत्या वेळी येऊ द्या. जमीन, गौण खनिज, ना हरकत दाखला आणि खर्च या चार गोष्टी आयत्या वेळी घ्यायच्याच नाहीत. चिरेखाणीचा दाखला दहा दिवस उशिरा दिल्यानं डोंगर पळून जात नाही.

माहिती नसताना झालेली चर्चा कितीही गोड शब्दांत झाली तरी ती चर्चा नव्हे. या बाबतीत आपण गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाकडे पाहायला हवं. गोंड आदिवासींचं छोटं गाव. देवाजी तोफा तिथले, मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे सोबती होते. त्या गावानं निर्णय सर्वसहमतीनं घ्यायचं ठरवलं, आणि ते खरोखर पाळलं. एकाला जरी पटलं नाही तरी विषय पुढच्या सभेवर जातो. सभेआधी अभ्यासगट बसतो. वनहक्काचा कायदा, बांबूचे भाव, वनखात्याची कागदपत्रं, जे काय असेल ते लोक आपल्या भाषेत समजून घेतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावून प्रश्न विचारतात, आणि निर्णय मात्र स्वतः घेतात. २००९मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. २०११मध्ये बांबू विकायचा अधिकार हातात आला, तेव्हा केंद्रीय मंत्री गावात आले होते. २०१३मध्ये गावानं ग्रामदान केलं. हे सगळं फुकट मिळालं नाही. एका माणसाच्या ‘नाही’साठी सगळ्या गावानं पुन्हा पुन्हा थांबायचं, ही त्याची किंमत. ती मोजल्यामुळे मंजूर झालेला ठराव मोडायला नंतर कुणी उठलं नाही.

वैभववाडीतलं गाव मेंढ्यासारखं नाही, मला ठाऊक आहे. इथं वाड्या पांगलेल्या, निम्मी घरं कुलपात, कर्ते हात परळ, डोंबिवली, नालासोपाऱ्यात. गणपतीला आणि मे महिन्यात गाव भरतं, मग देवळात बैठका होतात आणि वर्षाचं सगळं दोन रात्रींत उरकतं. चाकरमान्यांनी गावासाठी घातलेला पैसा मी कमी लेखत नाही. सभामंडपाच्या फरश्यांवर कोरलेली नावं त्याची साक्ष आहेत. पण पैसे देणारा आणि बारा महिने राहणारा समोरासमोर आले की राहणाऱ्याचा आवाज बारीक होतो. जीर्णोद्धारावर चाकरमान्यांनी भरपूर बोलावं. उन्हाळ्यात टाकीचं पाणी कुठल्या वाडीला किती वाजता सोडायचं, यावर मार्च-एप्रिलमध्ये हंडा उचलणारीनं आधी बोलावं.

माणसांचं ऐकायला उशीर झाला की काय होतं, ते याच तालुक्यानं पाहिलं आहे. अरुणा मध्यम प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रातली आखवणे, भोम ही गावं. पुनर्वसनाचे प्रश्न सुटलेले नव्हते, लोक आपलं म्हणणं मांडत होते, आणि २०१९च्या पावसाळ्यात धरणात पाणी अडलं. घरं पाण्यात गेली. त्या लोकांना बोलू दिलं नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. मोर्चे झाले, बैठका झाल्या. पण बोलायला वेळ देणं आणि त्या बोलण्यानं निर्णय बदलू शकेल अशा वेळी बोलू देणं यांत घर आणि पाणी यांच्याएवढं अंतर आहे. जनसुनावणी असो की वाडीची बैठक, निर्णय आधी घेऊन नंतर माणसं जमवली तर ती कितीही नम्रपणे बसवली, सरबत दिलं, तरी तो त्यांचा अपमानच आहे.

अध्यक्षांबद्दल एकच. विषय स्वतःच्या वाडीचा, भावकीचा किंवा ठेक्याचा असेल तर तेवढ्यापुरतं दुसऱ्या कुणाला सभा चालवू द्यावी. जो पंच आहे त्यानं त्याच डावात खेळू नये. आणि ज्या माणसाला आपण सभेत दोन वेळा गप्प केलं, त्याच्या घरी त्याच आठवड्यात सरपंचांनी पायानं जावं, ओट्यावर बसावं आणि त्याचं राहिलेलं ऐकावं. हे कुठल्या नियमावलीत येत नाही, पण याच्याशिवाय बाकीचे नियम कागदावर राहतात.

ऑक्टोबरची सभा येते आहे. भात कापणीला आलेलं असेल, घाटाखाली दुपारनंतर पाऊस असेल, वरच्या वाडीतलं कुणी येणार नाही असं धरून नोटीस फलकावर लागेल. नोटीस लागली त्याच दिवशी विषयपत्रिका त्या वाडीत पोचवा, दोघांना वाचून दाखवा, आणि सभेच्या दिवशी त्यांना आणायला गाडी कुणाची जाणार ते आदल्या रात्री ठरवा.